तारीख, जागा आणि नाईट

मुलुंडच्या महाकवी कालिदास नाट्यमंदिराच्या पुढच्या दारी रविवारी दुपारी गजरे, ठेवणीतल्या साड्या आणि आजीचा हात धरून आलेली नातवंडं दिसतात. मागच्या दारी टेम्पो असतो. ‘कलेवर उपनगरांतल्या किती चुली पेटतात ते बघून लिहा,’ असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी मागच्या दारापासून सुरुवात केली.

प्रयोग साडेचारचा असला तरी टेम्पो दुपारी बाराच्या सुमारासच लागतो. आधी उतरतात ते फ्लॅट, म्हणजे लाकडी चौकटीवर प्लायवूड ठोकून रंगवलेल्या भिंती. प्रेक्षकांना दिसणारा मध्यमवर्गीय दिवाणखाना मागून बघितला तर ठिगळांचा असतो. प्रत्येक फ्लॅटच्या पाठीवर आकडा, जुन्या खिळ्यांची भोकं आणि मागच्या एखाद्या नाटकाचा रंग. दोघं मिळून एकेक फ्लॅट तोलत आत नेतात, बिजागऱ्या जुळवतात, मागून तिरका टेकू देतात आणि टेकूवर लोखंडी वजन ठेवतात. कुणी कुणाला सूचना देत नाही, कारण हाच दिवाणखाना काल रात्री दुसऱ्या नाट्यगृहात उभा होता. प्रकाशयोजनेचा माणूस शिडीवर चढून एकेक दिवा वळवतो आणि खाली उभा असलेला मुलगा नटाच्या जागेवर तोंड वर करून उभा राहतो. विंगेत टेबलावर प्रॉपर्टी मांडली जाते ती प्रवेशाच्या क्रमाने. पहिल्या अंकातली फाइल, चष्मा, लग्नपत्रिका, मग दुसऱ्या अंकातली बाटली. बाटलीत कोरा चहा. तो कॅन्टीनमधून शेवटी आणायचा, नाहीतर त्यावर साय धरल्यासारखा तवंग येतो आणि पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला कळतं.

रंगमंचावर पाच पात्रं असली तर पडद्यामागे आठ-दहा माणसं लागतात. नेपथ्य लावणारे, दिवे आणि ध्वनी सांभाळणारे, मेकअप, केशभूषा, कपडे आणि इस्त्री बघणारे, बुकिंगच्या खिडकीवर बसणारा, दारावर उभा राहणारा, टेम्पोचा आणि बसचा चालक. यांतल्या बहुतेकांना पैसे प्रयोगागणिक मिळतात. नटाच्या मानधनाला नाटकवाले ‘नाईट’ म्हणतात. मोठ्या नटाची नाईट मोठी, पडद्यामागच्याची बेताची, पण नियम सगळ्यांना एकच. प्रयोग झाला तर पैसे. करोनात नाट्यगृहं बंद झाली तेव्हा या माणसांचं उत्पन्न कमी झालं नाही, ते पूर्ण थांबलं. निर्मात्यांनी आणि कलाकारांनी वर्गणी काढून त्यांच्या घरी धान्य पोचवलं. सांस्कृतिक अर्थव्यवस्था हा शब्द परिषदांमध्ये मोठ्या थाटात उच्चारला जातो. तिचा पाया बघायचा असेल तर तो या मागच्या दारी आहे.

पाचशे रुपयांच्या आतलं गणित

मराठी नाटकाच्या जाहिराती नीट बघितल्या तर तिकिटाचा सगळ्यात वरचा दर बहुधा ५०० रुपयांवर अडलेला दिसेल. याला कारण आहे. प्रतिव्यक्ती ५०० रुपयांपर्यंतच्या नाट्यप्रयोगाच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यापुढे आहे. ही मर्यादा २०१८ च्या जानेवारीत २५० वरून ५०० झाली. त्यानंतर प्लायवूड, डिझेल, वृत्तपत्रातली जाहिरात, सगळं महागलं. मर्यादा तिथेच राहिली.

समजा आठशे आसनांचं नाट्यगृह आहे आणि तिकिटं ५००, ४०० आणि ३०० अशी लावली आहेत. प्रयोग तुडुंब भरला तर हाती तीन-सव्वातीन लाख येतील. त्यातून नाट्यगृहाचं भाडं, वीज, वर्तमानपत्रातल्या जाहिराती, ऑनलाइन तिकीटविक्रीचं कमिशन, नाईटा, पडद्यामागच्यांचे पैसे, टेम्पो, बस, चहा-जेवण, लेखकाचं मानधन, दिव्यांचं आणि ध्वनियंत्रणेचं भाडं जातं. हा हिशेब भरलेल्या नाट्यगृहाचा झाला. पावसाळ्यातल्या शनिवारी रेल्वे रखडली आणि निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर खर्चाच्या बाजूतली एकही ओळ कमी होत नाही. म्हणून निर्माता सतत प्रयोगांची संख्या वाढवू बघतो. नाटक उभं करताना झालेला खर्च पहिल्या पन्नास-साठ प्रयोगांत निघाला नाही तर सेट गोदामात जातो आणि गोदामाचंही भाडं सुरू होतं. तिथून सेटचं प्लायवूड पुढच्या कुणाच्यातरी नाटकात.

आणि प्रयोग वाढवायचे म्हटलं की गाडी येते तारखांवर. मुंबईच्या उपनगरांत महापालिकेची ज्यांना व्यावसायिक मराठी नाटक मानतं अशी नाट्यगृहं मोजकी आहेत. पार्ले पूर्वेचं दीनानाथ मंगेशकर, बोरिवली पश्चिमेचं प्रबोधनकार ठाकरे आणि मुलुंडचं कालिदास, जे बृहन्मुंबई क्रीडा व ललितकला प्रतिष्ठानच्या संकुलात, तरणतलावाच्या शेजारी आहे. पलीकडे ठाण्यात गडकरी रंगायतन आणि घाणेकर. गिरगाव, लालबाग, दादरचा मराठी प्रेक्षक दोन पिढ्यांत बोरिवली, मुलुंड, डोंबिवलीला राहायला गेला आणि नाटक त्याच्यामागे गेलं. आज नवं नाटक चालणार की नाही याचा कौल दादरच्या शिवाजी मंदिराइतकाच बोरिवली आणि ठाणे देतात.

मराठी प्रेक्षक नाटकाला येतो शनिवार-रविवारी. वर्षात शनिवार-रविवार मिळून १०४ दिवस. दिवसाला दोन प्रयोग धरले तर एका नाट्यगृहात दोनशेच्या आसपास चांगल्या तारखा. त्यातून शाळांची स्नेहसंमेलनं, पक्षांचे मेळावे, पुरस्कार सोहळे, निवडणुकीच्या कामासाठी घेतलेले दिवस आणि दुरुस्ती वजा करा. उरलेल्या तारखांवर डझनावारी नाटकं टपलेली असतात. तारीखवाटपाच्या दिवशी निर्मात्यांच्या व्यवस्थापकांमध्ये जी देवाणघेवाण चालते, ‘तुमचा चोवीसचा दुपारचा मला द्या, माझा पार्ल्याचा रात्रीचा घ्या,’ ती ऐकली तर कळतं की या धंद्यातला कच्चा माल तारीख आहे. एक नाट्यगृह सहा महिने दुरुस्तीला बंद राहिलं की शंभरेक तारखा बाजारातून जातात आणि तेवढ्या नाईटा घराघरांतून. दुरुस्ती हवीच. कलाकारांनी रंगपटांच्या आणि स्वच्छतागृहांच्या अवस्थेबद्दल वर्षानुवर्षं जाहीरपणे सांगितलं आहे. पण दुरुस्ती पावसाळ्यात, टप्प्याटप्प्याने आणि जवळचं दुसरं नाट्यगृह चालू असताना करायची, एवढं नियोजन या शहराला जमायला हवं. ठाण्याचं गडकरी रंगायतन मोठ्या नूतनीकरणानंतर १५ ऑगस्ट २०२५ रोजी पुन्हा उघडलं, तेव्हा निर्मात्यांनी जो सुस्कारा सोडला तो तारखांच्या सुटकेचा होता.

तिकीटविक्रीत मात्र गेल्या काही वर्षांत खरा बदल झाला. पूर्वी प्लॅन उघडायच्या दिवशी सकाळी खिडकीशी रांग लागायची. आता प्लॅन मोबाइलवर उघडतो. प्रशांत दामले यांनी ‘तिकिटालय’ हे मराठी तिकीटविक्रीचं अॅप आणलं. १२,५०० प्रयोगांचा टप्पा २०२२ मध्ये गाठलेला नट तिकिटाच्या कमिशनचा विचार करतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कुठल्या भागातला प्रेक्षक कुठलं नाटक बघतो ही माहिती नाटकवाल्यांच्याच हाती राहिली तर पुढची तारीख कुठे घ्यायची याचा अंदाज बांधता येतो.

घाटकोपर

गुजराती रंगभूमीने रिकाम्या खुर्च्यांचा प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवला. घाटकोपर पूर्वेच्या झवेरबेन सभागृहात किंवा मुलुंड-बोरिवलीच्या याच महापालिकेच्या नाट्यगृहांत गुजराती नाटकाचे जे प्रयोग होतात, त्यांतले पुष्कळसे आधीच विकलेले असतात. ज्ञातिमंडळं, महिला मंडळं, सोशल ग्रुप संपूर्ण प्रयोग ठोक भावाने घेतात आणि सभासदांना वर्षाच्या वर्गणीत ठरावीक नाटकं दाखवतात. निर्मात्याला प्रयोगाआधीच रक्कम ठाऊक असते. पावसाचा, क्रिकेटच्या सामन्याचा धोका मंडळावर. याचा एक परिणाम असा की मंडळाच्या सगळ्या वयाच्या सभासदांना चालेल असंच नाटक मागितलं जातं, आणि प्रयोगशील लेखकाला त्यात वाट काढावी लागते. मराठीतही कंत्राटी प्रयोग होतात, गणेशोत्सवात, बँकांच्या आणि पतपेढ्यांच्या वर्धापनदिनी. पण मराठी नाटकाचा जीव अजून खिडकीवरच्या विक्रीत आहे आणि त्यामुळे त्याला विषयाचं स्वातंत्र्यही आहे. दोन्ही पद्धती एकाच नाट्यगृहात, एका आड एक दिवशी नांदतात. बोरिवलीच्या सोसायट्यांनी वर्षाला दोन मराठी नाटकांची सभासदवर्गणी सुरू केली तर निर्मात्याला थोडी शाश्वती मिळेल आणि खिडकीही उघडी राहील.

घाटकोपरला गेल्यावर पश्चिमेला चिरागनगरात न जाता परतणं मला शक्य नव्हतं. अण्णा भाऊ साठे इथल्या झोपडीत राहिले. त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली आली, तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला, तिच्यावर चित्रपट निघाला. त्यांच्या आणखी कथा-कादंबऱ्यांवर चित्रपट झाले, त्यांची पुस्तकं रशियनसह अनेक भाषांत गेली. १८ जुलै १९६९ रोजी ते गोरेगावच्या सिद्धार्थनगरात वारले, तेव्हा गाठीशी काहीच नव्हतं. त्यांच्या शब्दांवर प्रकाशकांचा, चित्रपटवाल्यांचा, तमाशाच्या फडांचा धंदा चालला. ज्याने शब्द दिले त्याच्यापर्यंत त्या धंद्यातलं पुरेसं पोचलं नाही. चिरागनगरात त्यांचं भव्य स्मारक करण्याच्या घोषणा झाल्या आहेत. ते व्हावंच. गल्ली आजही इतकी अरुंद आहे की समोरून सिलिंडरवाला आला तर भिंतीला टेकून उभं राहावं लागतं.

मालाडचं कंपाउंड

उपनगरात सिनेमा आला तो जमिनीच्या ओढीने. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली दादरमध्ये काम केलं, तेव्हा दादरही शहराचं टोक होतं. बोलपट आल्यावर शांतता हवी झाली, मोठ्या छपरांच्या शेड हव्या झाल्या, आणि स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर हवं होतं, कारण कामगार लोकलने येणार. १९३४ साली हिमांशू राय आणि देविका राणी यांनी बॉम्बे टॉकीज काढली ती मालाडला, एफ. ई. दिनशॉ यांच्या बागबंगल्याच्या आवारात. जर्मन तंत्रज्ञ आणले. प्रयोगशाळेत कामाला लागलेला एक तरुण पुढे अशोककुमार झाला. आणि आजच्या विषयाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे नट, सुतार, छायालेखक, सगळे महिन्याच्या पगारावर होते. कोल्हापुरात आणि पुण्यात प्रभातचीही तीच रीत होती.

बॉम्बे टॉकीज १९५० च्या दशकात बंद पडली. मालाड पश्चिमेला, एस. व्ही. रोडपासून आत, तिचं कंपाउंड आजही त्याच नावाने ओळखलं जातं. आत लेथ चालतात, वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात, पुठ्ठ्यांचे आणि कपड्यांचे गठ्ठे हातगाडीवरून जातात. नावाशिवाय जुनं काही शोधायचं तर मोडक्या भिंतींत शोधावं लागतं. तिथे काम करणाऱ्या तरुणाला आवाराच्या नावाबद्दल विचारलं तर तो पत्ता म्हणून सांगतो.

बॉम्बे टॉकीजमधून फुटून शशधर मुखर्जी आणि मंडळींनी १९४३ साली गोरेगावात फिल्मिस्तान काढलं. मग राज कपूर यांचं चेंबूरचं आर. के., अंधेरीचे मोहन, नटराज, फिल्मालय, जोगेश्वरीचं कमालिस्तान. ‘मुघल-ए-आझम’मधला शीशमहाल मोहन स्टुडिओत उभा होता. प्रत्येक स्टुडिओच्या फाटकाबाहेर एक बाजार वसला. लाकूड, थर्माकोल, जरीचे कपडे, दागिने, खोट्या तलवारी, जुनं फर्निचर भाड्याने देणारे, इडली-डोश्याच्या गाड्या, कामगारांच्या चाळी. या बाजाराने अंधेरी-जोगेश्वरीला जे कौशल्य दिलं ते पुस्तकातून आलेलं नव्हतं. थर्माकोल कोरून आठ तासांत देवळाचा खांब उभा करणारा मोल्डर तयार व्हायला पंधरा वर्षं लागतात.

नटराज गेला, मोहन गेला. आर. के. स्टुडिओला २०१७ मध्ये आग लागली आणि २०१९ मध्ये ती जागा गोदरेज प्रॉपर्टीजने घेतली. २०२५ च्या जुलैमध्ये फिल्मिस्तानची चार एकर जागा आर्केड डेव्हलपर्सने १८३ कोटी रुपयांना घेतल्याचं जाहीर झालं. तिथे निवासी मनोरे होणार. मालकाने आपली जमीन विकली यात बेकायदा काही नाही. चित्रीकरणाच्या भाड्यातून चार एकरांचं जे उत्पन्न येतं ते मनोऱ्याच्या हिशेबापुढे कधीच टिकणार नाही. म्हणूनच हा निर्णय एकट्या मालकाच्या हिशेबावर सोडता येत नाही. युनेस्कोने २०१९ साली मुंबईला सर्जनशील शहरांच्या जाळ्यात चित्रपटाचं शहर म्हणून स्थान दिलं. त्यानंतरच्या सहा वर्षांत त्या शहराच्या सगळ्यात जुन्या चालू स्टुडिओंपैकी एक गेला. गिरणगावात जमीन गेली तेव्हा तिच्याबरोबर भजनी मंडळं, शाहिरी, लोकनाट्य, कामगार रंगभूमी यांतलं पुष्कळ गेलं. हे आपण एकदा डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

सेटवरचा दिवस

सरकारी जमिनीवर उभी असलेली एक जागा मात्र शिल्लक आहे. गोरेगावच्या डोंगरात आरे आणि राष्ट्रीय उद्यानाला लागून १९७७ साली राज्य सरकारने चित्रनगरी उभारली. पुढे तिला दादासाहेब फाळके यांचं नाव दिलं. सुमारे ५२० एकर, त्यात स्टुडिओ, तळं, देऊळ, हेलिपॅड, गावाचा चौक आणि आदिवासी पाडेही. जंगल इतकं जवळ आहे की २०२३ च्या जुलैमध्ये ‘सुख म्हणजे नक्की काय असतं’ या मालिकेच्या सेटवर बिबट्या आला होता.

मालिकेचा सेट म्हणजे एका मोठ्या शेडमध्ये उभा असलेला वाडा. दिवाणखाना, देवघर, स्वयंपाकघर, तीन शयनगृहं, सगळी एकाच छताखाली, प्रत्येकाची चौथी भिंत काढता येण्यासारखी. सकाळी नऊची शिफ्ट असेल तर स्पॉटदादा सातला हजर. विरार-नालासोपाऱ्याहून येणारा माणूस त्यासाठी पाचच्या आत घर सोडतो. ड्रेसदादा कालची साडी बाहेर काढतो, कारण कालच्या भागातलं भांडण आज पुढे चालायचं आहे. सहायक दिग्दर्शिका मोबाइलमधला फोटो समोर धरून बघते. पदराच्या किती निऱ्या, मंगळसूत्र पदराच्या वर की आत, टिकली चंद्रकोर की गोल, कपाळावरची बट कुठल्या बाजूला. यातलं एक चुकलं की संध्याकाळी संकलनाच्या टेबलावरून फोन येतो आणि प्रसंग पुन्हा चित्रित करावा लागतो. पटकथेची पानं कधी आदल्या रात्री येतात, कधी पहिला शॉट लागताना. आठवड्याला सहा भाग दाखवायचे तर रोज साधारण एक भाग हातावेगळा झाला पाहिजे. आगाऊ चित्रित केलेल्या भागांना ‘बँक’ म्हणतात. बँक भरलेली असली की सेटवर जेवणं वेळेवर होतात. बँक संपली की बारा तासांची शिफ्ट चौदा तासांवर जाते आणि शेवटची लोकल हुकते.

या कामाचे पैसे कलाकारांना सर्रास ९० दिवसांनी मिळतात. गणपतीच्या विशेष भागात ऑगस्टअखेर नाचलेल्या मुलीचे पैसे नोव्हेंबरअखेर येतात, म्हणजे दिवाळी उधारीवर. ओशिवऱ्यात किंवा मालवणीत घरभाडं मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला द्यायचं असतं. वाहिनी निर्मात्याला उशिरा देते, निर्माता कलाकाराला, सप्लायर ज्युनियर आर्टिस्टला. साखळीत जो सगळ्यात खाली तो सगळ्यांना बिनव्याजी कर्ज देत असतो. मालिका चालू आहे तोवर हे चालून जातं. टीआरपी घसरून ती एकाएकी बंद झाली, निर्मात्याचे हात वर झाले, की थकलेली रक्कम मिळवायला संघटनेच्या कार्यालयात खेटे सुरू होतात. अंधेरी परिसरातल्या या संघटना, लाइटमनची, सेटिंगवाल्यांची, ड्रेसवाल्यांची, मेकअपवाल्यांची, आणि त्यांचा महासंघ, हेच या माणसांचं एकमेव न्यायालय. चित्रपट कामगारांशी लेखी करार झालाच पाहिजे असा केंद्राचा कायदा १९८१ साली झाला होता, पण तो कथापटांना समोर ठेवून केलेला. रोजच्या मालिका त्यानंतर आल्या. दृकश्राव्य माध्यमातले कामगार अशी व्यापक व्याख्या कायद्यात यायला २०२० च्या कामगार संहितेची वाट बघावी लागली.

भाडं आणि कटकटी वाढल्या की मालिका जागा बदलते. मढ, एरंगळचे बंगले, घोडबंदर रोड, मीरा रोड, नायगाव. २०२१ च्या निर्बंधांत अनेक मालिका गोव्याला आणि गुजरात सीमेपलीकडे गेल्या. मढ-मार्वेच्या किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या बेकायदा स्टुडिओंवर २०२३ च्या एप्रिलमध्ये हातोडा पडला, आणि पडायलाच हवा होता, कारण किनारा कुणाच्या बापाचा नाही. पण कायदेशीर शेड परवडत नाहीत म्हणून बेकायदा शेड उगवतात, हेही त्याच वेळी सांगायला हवं. ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापूरजवळ वसगड्यात चित्रित झाली, तेव्हा तिथल्या घरांना, खानावळींना, गाडीवाल्यांना काम मिळालं. ते चांगलंच झालं. उपनगरांनी आपला हक्क असल्यासारखं सगळं धरून ठेवावं असं माझं म्हणणं नाही. माणूस कामामागे कोल्हापूरला जातो तो आनंदाने जावा, अंधेरीत शेड उरली नाही म्हणून नको.

वर्सोव्याच्या बराकी

अंधेरी पश्चिमेला वर्सोव्याच्या वाटेवर आरामनगर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या बराकी, बुटक्या, कौलारू. आज त्यांत कास्टिंगच्या कचेऱ्या, तालमीच्या खोल्या आणि पन्नास-साठ माणसं बसतील अशी छोटी नाट्यगृहं आहेत. सकाळी अकरापासून तरुण मुलं-मुली भिंतीला टेकून ओळी पाठ करत उभी असतात. साताऱ्याची, अकोल्याची, इंदूरची, पाटण्याची. एकच शर्ट तिघांत फिरतो, कारण ऑडिशनला गडद रंगाचा साधा शर्ट मागतात.

तिथून ओशिवरा, वीरा देसाई रोडपर्यंतच्या औद्योगिक गाळ्यांत डबिंगच्या आणि संकलनाच्या खोल्या आहेत. बाहेरून लोखंडी शटर, आत फोम लावलेली भिंत आणि एक माइक. कोरियन मालिकेतली आई इथे मराठीत रागावते. याच धंद्यातून नमित मल्होत्रा यांनी १९९० च्या दशकात गॅरेजात संकलनाचं काम सुरू केलं. त्यातून प्राइम फोकस उभी राहिली, २०१४ मध्ये ती लंडनच्या डबल निगेटिव्हशी एकत्र आली आणि त्या कंपनीने ‘ड्यून’च्या दृश्यपरिणामांसाठी ऑस्कर घेतलं. ज्या जागी भाडं परवडतं तिथे असं काही उगवतं. जुहूला शशी कपूर आणि जेनिफर यांनी १९७८ साली दोनशे आसनांचं पृथ्वी थिएटर बांधलं, तेव्हाही गोष्ट हीच होती. जागा कमी दराने आणि नियमितपणे मिळाली, म्हणून रंगकर्मींच्या दोन पिढ्या तिथे घडल्या. बोरिवलीच्या ठाकरे नाट्यगृहातल्या लघुनाट्यगृहात हे काम मराठीसाठी होऊ शकतं, संस्थांना रोजच्या तालमीसाठी परवडेल असा दर आणि सोमवार ते गुरुवारच्या तारखा मिळाल्या तर. हे चार दिवस आजही पुष्कळदा अंधारात जातात.

आता काय करायचं

२०२५ च्या मे महिन्यात वांद्रे-कुर्ला संकुलात ‘वेव्हज’ ही मनोरंजन उद्योगाची जागतिक परिषद झाली. सर्जनशील तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था मुंबईत सुरू झाली, तिच्यासाठी ४०० कोटींची तरतूद आहे आणि कायमचं संकुल चित्रनगरीच्या दहा एकरांत होणार आहे. राज्याने अॅनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंगसाठी धोरण मंजूर केलं. राष्ट्रीय उद्यानाखालून ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे खणले जात आहेत, ते गोरेगावच्या चित्रनगरीपाशी सुरू होतात आणि मुलुंडच्या बाजूला निघतात. पूर्ण झाले की कालिदासमधला प्रकाशयोजनाकार पाऊण-एक तासाऐवजी काही मिनिटांत चित्रनगरीत पोचेल. हे सगळं मला मनापासून हवं आहे. आपल्याकडे कलेला उद्योग म्हणायलाच फार उशीर झाला.

पण दक्षिण कोरियाचं उदाहरण देताना आपण ते अर्धं देतो. त्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस सांस्कृतिक उद्योगासाठी कायदा केला, निधी दिला, जगभर मालिका विकल्या, हे आपण सांगतो. २०११ च्या जानेवारीत तिथे एक तरुण पटकथालेखिका हलाखीत, आजारात मरण पावली. देश हादरला आणि त्याच वर्षी कलावंत कल्याण कायदा झाला, हे सांगत नाही. फ्रान्समध्ये रंगमंच आणि चित्रपटांतल्या कलाकार-तंत्रज्ञांनी वर्षात ५०७ तास काम केलं की काम नसलेल्या महिन्यांत बेकारभत्ता मिळतो. आपल्याकडे राज्य सरकार वृद्ध साहित्यिक-कलावंतांना महिन्याला ५,००० रुपये मानधन देतं. ते आयुष्याच्या उताराला. ऐन उमेदीतल्या स्पॉटदादाला दोन मालिकांच्या मधल्या महिन्यांत काही नाही.

माझं मत या सगळ्या पाहणीनंतर पक्कं झालं आहे. नवं संकुल बांधण्याआधी सरकारने वेळेवर पैसा आणि टिकाऊ जागा या दोन गोष्टींना हात घालावा. चित्रपटांना आणि नाटकांना राज्य अनुदान देतं, चित्रनगरीतल्या शेड सरकारच्या आहेत, चित्रीकरणाच्या परवानग्याही सरकारच देतं. तेव्हा ज्या निर्मात्याने मागच्या कामाचे पैसे तीस दिवसांत दिल्याचा संघटनेचा दाखला आणला नाही त्याला शेड नाही आणि अनुदान नाही, ही अट उद्यापासून घालता येईल. त्याला नवा कायदा लागत नाही. नाट्यप्रयोगाच्या जीएसटीची ५०० रुपयांची मर्यादा केंद्राने हजारावर न्यावी, म्हणजे मोठ्या सेटचं नाटक पुन्हा उभं राहू शकेल आणि मागच्या रांगेचं तिकीट स्वस्त ठेवता येईल.

जागेचं काम मात्र आपल्याही हातात आहे. उपनगरांत अजून उभ्या असलेल्या खासगी स्टुडिओंच्या जमिनी येत्या काही वर्षांत एकेक करून पुनर्विकासाला जातील. परवानगी देताना त्याच भूखंडावर चित्रीकरणाची शेड आणि तालमीची जागा राखण्याची अट पालिकेने घालावी आणि ती पाळून घ्यावी. आराखड्यातले बदल जाहीर होतात तेव्हा हरकती-सूचना मागवल्या जातात, त्यासाठी ठरावीक दिवसांची मुदत असते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या वाचकांनो, ती नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात येते. ती वाचा आणि मुदतीत आपला अर्ज द्या.